राकेश शर्मा यांचा अंतराळप्रवास व लोकस्मृती

ठाण्याच्या खोपट वस्तीत पन्नाशी उलटलेल्या कोणाही गृहस्थापाशी राकेश शर्मा यांचे नाव काढावे. उत्तर बहुधा एकाच प्रसंगाचे मिळेल. वरून भारत कसा दिसतो, असे पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी विचारले आणि शर्मा यांनी इक्बाल यांच्या सर्वपरिचित गीताचे पहिले शब्द उच्चारले. दूरचित्रवाणीचे संच तेव्हा घरोघरी नव्हते. एका संचाभोवती शेजारीपाजारी जमत. त्यामुळे हा क्षण घराघराचा न राहता आळीआळीचा झाला. स्मृतीने त्यातले काय राखले व काय टाकले, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

शर्मा यांचा जन्म १३ जानेवारी १९४९ रोजी पतियाळा येथे झाला, शिक्षण हैदराबादेत. १९६६ साली ते खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाले, १९७० साली वैमानिक म्हणून हवाई दलात आले आणि पुढच्याच वर्षीच्या युद्धात त्यांनी मिग-२१ विमान चालविले. १९८२ साली रवीश मल्होत्रा यांच्यासह त्यांची निवड झाली. ३ एप्रिल १९८४ रोजी युरी मालिशेव व गेन्नादी स्त्रेकालोव यांच्यासमवेत ते 'सोयुझ टी-११' मधून निघाले, 'साल्युत-७' या स्थानकात राहिले आणि ११ एप्रिलला परतले.

तेथे त्यांनी केले काय? भारतीय भूमीची विविध वर्णपटांतील छायाचित्रे घेतली. वजनरहित अवस्थेत योगासने उपयोगी पडतात काय, हे स्वतःच्या देहावर पडताळून पाहिले. शिवाय वैद्यकीय निरीक्षणे. सोबतचे भारतीय खाद्यपदार्थ म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने सिद्ध केले होते. यांपैकी फारसे काही लोकांच्या ध्यानात उरलेले नाही. यान सोव्हिएत होते आणि ज्या 'इंटरकॉसमॉस' योजनेखाली ते गेले तीतून चेकोस्लोव्हाकिया, व्हिएतनाम, मंगोलिया, क्यूबा इत्यादी देशांचे प्रवासी आधीच जाऊन आले होते, हेही विस्मरणात गेले. भारत सरकारने अशोकचक्र मात्र तिघांनाही दिले, हे येथे नमूद करावयास हवे.

स्मृती केवळ गाळते असे नाही; ती भरही घालते. माता आपल्या मुलांना 'हे काका चंद्रावर जाऊन आले' असे सांगतात, ही हकीकत खुद्द शर्मा यांनीच सांगितली आहे. अंतराळात देव भेटला काय, असेही त्यांना विचारीत. या चुकीस निव्वळ अज्ञान म्हणून मोडीत काढणे मला इष्ट वाटत नाही. चंद्रावर उतरून आलेले आर्मस्ट्राँग व आल्ड्रिन हे सहप्रवासी कॉलिन्स यांच्यासह ऑक्टोबर १९६९ मध्ये मुंबईस आले होते. अंतराळवीर म्हणजे चंद्रावर जाऊन आलेला पुरुष, हा साचा तेव्हापासून तयार होता. पंधरा वर्षांनी त्यात एक भारतीय नाव बसविले गेले, असा माझा तर्क आहे.

ठाणे जिल्ह्याच्या अभ्यासकास मात्र याहून अवघड प्रश्न भेडसावतो. वरून दिसलेल्या एकसंध देशाचे कौतुक एप्रिलमध्ये झाले आणि मे १९८४ मध्ये याच जिल्ह्यातील भिवंडीत जातीय दंगल उसळली. तिची झळ ठाणे, कल्याण व मुंबई येथवर पोहोचली. प्रश्न विचारणाऱ्या पंतप्रधानांची त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला हत्या झाली. कालक्रमाने हे प्रसंग एकाच वर्षातले. सांगणाऱ्याच्या बोलण्यात मात्र ते क्वचितच एकत्र येतात. अंतराळप्रवास अभिमानाच्या कप्प्यात, दंगल मौनाच्या. एकाचा दुसऱ्याशी कार्यकारणसंबंध मुळीच नाही. परंतु दोन्ही ज्यांनी अनुभवले ती माणसे एकच होती, आणि इतिहासकाराचे काम या माणसांशी आहे.

शर्मा यांचे पुढील आयुष्यही याच दुर्लक्षाचे धनी झाले. १९८७ नंतर हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या नाशिक विभागात ते प्रमुख चाचणी वैमानिक होते. तेथे ओझरनजीक चाचणीच्या वेळी मिग-२१ मधून त्यांना बाहेर झेप घ्यावी लागली आणि ते थोडक्यात बचावले. ठाण्यापासून काही तासांच्या वाटेवर घडलेला हा प्रसंग ठाण्यात किती जणांस ठाऊक असेल?

खोपट परिसरात १९८४ च्या आठवणी टिपावयास जाणाऱ्या विद्यार्थ्यास एकच सुचवावेसे वाटते. प्रश्न एप्रिलचा विचारावा, आणि सांगणारा मे महिन्यापर्यंत येईतो वही मिटू नये.