जांगह्वा, होंगर्योन

जांगह्वा, होंगर्योन : दक्षिण कोरियाचे दिग्दर्शक किम जी-वून यांचा २००३ सालचा कोरियन भयपट. परदेशांत तो ‘अ टेल ऑफ टू सिस्टर्स’ या इंग्रजी नावाने ओळखला जातो. पटकथाही किम यांचीच असून इम सू-जोंग (थोरली बहीण सु-मी), मून गन-यंग (धाकटी सु-योन), योम जोंग-आ (सावत्र आई उन-जू) आणि किम काप-सू (वडील) यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत.

चित्रपटाचे नाव जोसन राजवटीच्या काळातील एका निनावी कथेवरून घेतलेले आहे. प्योंगआन प्रांतातील चल्सान गावी बे नावाच्या गृहस्थाला पहिल्या पत्नीपासून जांगह्वा व होंगर्योन अशा दोन मुली होतात; पत्नी निवर्तल्यावर तो दुसरे लग्न करतो आणि या नव्या आईच्या डोळ्यांत सवतीच्या मुली सलू लागतात. एके रात्री ती सोललेला उंदीर थोरलीच्या अंथरुणात ठेवते, कुमारिकेचा गर्भपात झाल्याचा बोभाटा करते, घराण्याच्या अब्रूचा धाक घालून नवऱ्याचे मन वळवते आणि आपल्या मुलाकरवी जांगह्वाला तळ्यात ढकलून देवविते. पाठोपाठ होंगर्योनही त्याच तळ्यात जीव देते. पुढे त्या गावी जो नवा अंमलदार रुजू होतो तो लगेच दगावतो, कारण न्याय मागण्यास आलेले दोन प्रेतात्मे पाहूनच त्याची छाती फुटते. अखेर एक धीट अंमलदार त्यांची फिर्याद शांतपणे ऐकून घेतो. सावत्र आईने पुरावा म्हणून हजर केलेला वाळका गर्भ पाहून तोही प्रथम फसतो, पण मुली पुन्हा येऊन तो चिरून पाहण्यास सांगतात, तेव्हा त्यात उंदराच्या लेंड्या निघतात आणि गुन्हा शाबीत होऊन त्या बाईला व तिच्या मुलाला देहान्ताची सजा होते. बापाला मात्र मुलींच्याच रदबदलीने माफी मिळते. सतराव्या शतकात चल्सान येथे अधिकारावर असलेल्या एका खऱ्या अंमलदाराशी परंपरा या धीट अंमलदाराचा संबंध जोडते.

या कथेत प्रेतात्मे स्वतः कोणाचा गळा दाबीत नाहीत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ते कचेरीत येतात, कैफियत मांडतात, पुरावा कोठे दडला आहे ते सांगतात आणि निकाल सरकारवर सोपवतात. मिऱ्यांग गावच्या आरांग या खून झालेल्या कुमारिकेची आख्यायिकाही याच वळणाची आहे. दाद न लागता मेलेल्या माणसाचा आत्मा दाद लागेपर्यंत मोकळा होत नाही, ही त्यामागची श्रद्धा. पांढरी वस्त्रे आणि मोकळे केस अशा रूपातील कुमारिकेचे भूत कोरियन चित्रपटांत वारंवार दिसते ते या श्रद्धेमुळेच. जांगह्वा व होंगर्योन यांची कथा पडद्यावर येण्याची पहिली वेळ १९२४ ची. त्या मूकपटाची निर्मिती सोल येथील दानसंगसा नाट्यगृहाच्या चालकांनी केली आणि जपानी तंत्रज्ञांच्या मदतीवाचून कोरियन माणसांनीच पार पाडलेला चित्रपट म्हणून कोरियन चित्रपटांच्या इतिहासात त्याचा मान आहे. १९३६ मध्ये व त्यानंतरही कथेची रूपांतरे होत राहिली.

किम यांनी मात्र कथेतला अंमलदारच काढून टाकला. घटना आधुनिक काळात आणल्या, गाव नाहीसे केले, उरले तळ्याकाठचे एकाकी घर व त्यातील चार माणसे. आरंभी मनोरुग्णालयातील डॉक्टर, केसांनी चेहरा झाकून मान खाली घालून बसलेल्या मुलीस, ती कोण आहे आणि त्या दिवशी काय घडले असे विचारतो. ती तोंडातून अवाक्षर काढीत नाही. मग सु-मी व सु-योन या बहिणी वडिलांबरोबर घरी परततात, अतिगोड बोलणारी सावत्र आई स्वागतास उभी असते आणि कलह पेटतो. रात्री वाकड्या मानेची एक स्त्री सु-मीच्या खोलीत दिसते. पाळलेले पक्षी मरून पडतात. सु-योनला कपाटात कोंडले जाते. जेवणास आलेल्या उन-जूच्या भावजयीला भर पंक्तीत झटका येतो आणि परतताना ती नवऱ्याला सांगते की, स्वयंपाकघरातील सिंकखाली तिने एक मुलगी पाहिली. कथेच्या उत्तरार्धात वडील सु-मीला बजावतात की सु-योन केव्हाच मेली आहे. मग खरी उन-जू बाहेरून घरात पाऊल टाकते तेव्हा प्रेक्षकाला उमगते की, इतके दिवस त्या घरात बाप व सु-मी अशी दोनच माणसे होती; धाकटी बहीण आणि छळणारी सावत्र आई, ही दोन्ही सोंगे सु-मीच्याच दुभंगलेल्या मनाने वठविली होती.

हा उलगडा अवचित केलेला नाही. परत आल्या दिवशी सु-मी आपली वही मेजाच्या खणात ठेवू जाते तो तशीच वही तेथे आधीपासून असते. कपड्यांचे कपाट उघडते तो एकाच नमुन्याचे झगे ओळीने टांगलेले असतात. पहिल्यांदा पाहताना ही गोष्ट विचित्र वाटून विसरली जाते, दुसऱ्यांदा पाहताना मात्र तिचा अर्थ लागतो. घरातल्या तिन्ही स्त्रियांचा मासिक धर्म एकाच दिवशी यावा, यावर उन-जू सहज बोलल्यासारखे बोलून जाते, त्यातही हेच पाणी मुरते आहे.

मूळ घटना शेवटी, पूर्वस्मृतीच्या रूपाने दाखविली आहे. उन-जू ही आजारी आईची शुश्रूषा करणारी परिचारिका. तिच्याशी नवऱ्याने संधान बांधलेले पाहून आई सु-योनच्या खोलीतील कपाटात गळफास घेते. धाकटीला ते प्रेत सापडते, ती आईला ओढू लागते तेव्हा जड कपाट तिच्याच अंगावर कोसळते. धडाका ऐकून उन-जू वर येते, कपाटाखाली तडफडणारा हात पाहते, पाठ फिरवते, आणि पुन्हा मन बदलून परतण्याच्या बेतात असता जिन्याजवळ सु-मी भेटते. सु-मी तिला तोडून बोलते. दुखावलेली उन-जू या क्षणाचा तुला पश्चात्ताप होईल अशा अर्थाचे काही सुनावते आणि कपाटाविषयी चकार शब्द काढीत नाही. सु-मी तणतणत घराबाहेर पडते. या छोट्याशा प्रसंगावर चित्रपटाची सारी इमारत उभी आहे. उन-जूचा गुन्हा कायद्याच्या कोणत्याही कलमात नीट बसत नाही, सु-मीचा तर गुन्हाच नव्हे. पण वाचविता आले असते आणि वाचविले नाही, ही जाणीव दोघींच्या पदरात पडते आणि अंमलदार नसल्यामुळे तिचा निवाडा करणारे कोणी उरत नाही. म्हणून आरोपी, साक्षीदार आणि न्यायाधीश या तिन्ही जागा सु-मी एकटीच भरते. सावत्र आईचे रूप घेऊन ती बहिणीला कपाटात कोंडते, म्हणजे आपल्याच अपराधाची शिक्षा उन-जूच्या तोंडाने स्वतःला ठोठावते.

एवढ्यावरून हा चित्रपट म्हणजे एका मानसिक विकाराचा वृत्तान्त, असे म्हणणारे टीकाकार आहेत. हे मत ग्राह्य धरणे कठीण आहे. सिंकखालची मुलगी पाहणारी भावजय सु-मीच्या मनाचा भाग नव्हे. आणि सु-मीला रुग्णालयात पोहोचविल्यानंतर उन-जू त्या घरात एकटी असताना, वरच्या मजल्यावर पावले वाजतात, कपाटाचे दार उघडते व आतून जे येते ते तिला गाठते. सूड कचेरीत गेला नाही इतकेच. तो घेतला गेला. बापाच्या बाबतीत मात्र किम यांनी जुन्या कथाकाराचेच अनुकरण केलेले दिसते. सगळ्या अनर्थाचे मूळ त्याच्या वर्तनात असून, तो मुलीला गोळ्या देतो, फोन करतो, गप्प बसतो आणि त्याच्या वाटेला कोणतेही भूत जात नाही. तेथे मुलींनी मागितलेली माफी होती, येथे ती कोणी मागितलेलीही नाही. चित्रपटाचे हे मौन मला त्याच्या सर्व किंकाळ्यांहून अधिक कठोर वाटते.

छायाचित्रण ली मो-गे यांचे. फुलापानांच्या दाट नक्षीचा भिंतीवरील कागद, तपकिरी लाकडी फरसबंदी, लाल व हिरव्या रंगांची गडद सरमिसळ यांमुळे घर श्रीमंत व सुंदर दिसते, आणि त्या सौंदर्यातच जीव गुदमरतो. ली ब्योंग-वू यांचे संगीत भयपटाच्या रूढ कर्कशतेपासून दूर राहून संथ वॉल्ट्‌झच्या तालावर चालते व मुख्यत्वे शोकाचे आहे. दोन बहिणी तळ्याच्या लाकडी धक्क्यावर बसून पाण्यात पाय सोडतात, त्या प्रसंगी जुन्या कथेतील तळ्याची आठवण जागी होते.

किम यांनी ‘द क्वायट फॅमिली’ (१९९८) व ‘द फाउल किंग’ (२०००) या विनोदाची छटा असलेल्या चित्रपटांनंतर हा विषय हाती घेतला; पुढे ‘अ बिटरस्वीट लाइफ’ (२००५) आणि ‘आय सॉ द डेव्हिल’ (२०१०) यांतही सूड हाच त्यांचा विषय राहिला. बाँग जून-हो यांचा ‘मेमरीज ऑफ मर्डर’ व पार्क चान-वूक यांचा ‘ओल्डबॉय’ हेही २००३ मध्येच प्रदर्शित झाले. प्रस्तुत चित्रपट जून २००३ मध्ये लागला आणि दक्षिण कोरियात त्याला ३० लाखांवर प्रेक्षक लाभले. २००४ मध्ये फ्रान्समधील जेरारमेर आणि पोर्तुगालमधील पोर्तो येथील महोत्सवांत त्याला सर्वोच्च पारितोषिके मिळाली.

अमेरिकेत चार्ल्स व टॉमस गार्ड या बंधूंनी २००९ मध्ये ‘द अनइनव्हायटेड’ या नावाने त्याचे रूपांतर केले. तेथे सावत्र आई होऊ पाहणाऱ्या स्त्रीचा खून भ्रमात सापडलेली मुलगीच करते, म्हणजे भुताला कामच उरत नाही आणि सूड हा रुग्णाच्या हातून भ्रमात घडलेला गुन्हा ठरतो. ते रूपांतर अगदीच टाकाऊ नाही, पण ज्याला दोन्ही चित्रपट पाहायचे असतील त्याने कोरियन चित्रपट आधी पाहावा. उलट क्रमाने पाहिल्यास मुख्य रहस्य आधीच फुटते.