तालुका कार्यालयातील संगणक, जाळे व ई-मेल व्यवस्थापन

तालुका कार्यालयातील संगणक व्यवस्थापन म्हणजे तहसील कार्यालय, पंचायत समिती, नगरपंचायत, शाळा, पतसंस्था अशा लहान कार्यालयांतील संगणक, त्यांना जोडणारे जाळे आणि ई-मेल सेवा चालू व सुरक्षित ठेवण्याचे, आणि बिघाडानंतर त्यांतील माहिती परत मिळेल अशी तजवीज करण्याचे काम होय. अशा कार्यालयांत पूर्णवेळ प्रणाली प्रशासक क्वचितच असतो. लिपिक, डेटा एंट्री ऑपरेटर, संगणक शिक्षक किंवा देखभाल करारावरील तंत्रज्ञ हे काम आपल्या मूळ कामाबरोबर पाहतात. त्यामुळे मोठ्या शहरांतील कंपन्यांसाठी लिहिलेल्या नियमावल्या येथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत. प्रस्तुत लेखात रत्नागिरी जिल्ह्यातील लांजा या तालुक्याच्या ठिकाणची परिस्थिती उदाहरणादाखल घेतली आहे. दक्षिण कोकणातील अशा गावी नुकसानीची दोन मोठी कारणे म्हणजे पाऊस आणि बदली, आणि ती दोन्ही वर्षाच्या एकाच हंगामात येतात.

पार्श्वभूमी

लांजा हे रत्नागिरी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांपैकी एकाचे मुख्यालय असून मुंबई–गोवा महामार्गावर (राष्ट्रीय महामार्ग ६६) पाली व राजापूर यांच्या दरम्यान वसले आहे. भांबेड, प्रभानवल्ली, शिपोशी, साटवली अशा गावांतील रहिवाशांना दाखले, नोंदी व अनुदानाच्या कामांसाठी येथे यावे लागते.

शासकीय संगणकीकरणाचा पाया १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने (एनआयसी) घातला. २००६ च्या राष्ट्रीय ई-शासन योजनेनंतर राज्यव्यापी जाळ्याने (महाराष्ट्र स्वॅन) तालुका मुख्यालये मंत्रालयाशी जोडली गेली. २०११ मध्ये मंजूर झालेला राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळे प्रकल्प पुढे ‘भारतनेट’ या नावाने ग्रामपंचायतींपर्यंत नेण्यात आला. आज सातबारा उतारा, फेरफार, जन्म-मृत्यू नोंदणी, ‘सेवार्थ’ व ‘शालार्थ’ प्रणालींतील वेतनदेयके यांतील मुख्य माहिती दूरच्या सर्व्हरवर असते. तरीही स्थानिक संगणकाचे महत्त्व कमी झालेले नाही. पत्रव्यवहार, सभेची इतिवृत्ते, लाभार्थी याद्या, स्कॅन केलेली जुनी कागदपत्रे व लेखापरीक्षणाची उत्तरे बहुधा एखाद्या टेबलावरील यंत्रातच असतात, आणि ते यंत्र गेले की तीही जातात.

वीज, अर्थिंग व दमटपणा

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. संगणकाला मात्र जुलैच्या संततधारेपेक्षा मे महिन्याच्या अखेरीस पडणारा वळवाचा पाऊस व ऑक्टोबरमधील गडगडाट अधिक घातक ठरतो, कारण विजा प्रामुख्याने त्या काळात पडतात. विजेचा आघात वीजवाहिनीप्रमाणेच दूरध्वनीच्या तारेतून व दोन इमारतींमध्ये ओढलेल्या तांब्याच्या जाळे-तारेतूनही आत येतो. म्हणून केवळ मुख्य बटण बंद करणे पुरेसे नसते. वादळाची चिन्हे दिसताच विजेची पिन व राउटरला येणारी बाहेरची तार, दोन्ही काढून ठेवणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक दुर्लक्षित उपाय आहे. एका आवारातील दोन इमारती जोडताना तांब्याऐवजी ऑप्टिकल फायबर वापरल्यास हा मार्गच बंद होतो, कारण फायबरची काच वीज वाहून नेत नाही. मात्र त्यासाठी धातूचा आधार नसलेली फायबर केबल निवडावी लागते.

अर्थिंग हा येथील खास प्रश्न आहे. कोकणच्या सड्यांवरील जांभा दगड व त्यावरील मातीचा पातळ थर कोरडा असताना वीज नीट जमिनीत सोडत नाही. एप्रिल-मे महिन्यांत अर्थिंगचा खड्डा सुकलेला असतो आणि नेमक्या त्याच वेळी वळवाच्या विजा सुरू होतात. कोळसा-मीठ भरलेल्या खड्ड्यात उन्हाळ्यात नियमित पाणी घालणे, तसेच वर्षातून एकदा मापकाने रोध मोजून घेणे आवश्यक मानले जाते. साधी तपासणी म्हणून सॉकेटमधील न्यूट्रल व अर्थ यांच्यातील दाब मोजता येतो. तो दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त असल्यास अर्थिंग किंवा वायरिंगमध्ये दोष असण्याची शक्यता असते आणि वायरमनकडून तपासणी करून घ्यावी लागते.

एका संगणकासाठीचा साधा यूपीएस साधारण दहा ते पंधरा मिनिटे वीज पुरवतो. हा वेळ काम जतन करून यंत्र रीतसर बंद करण्यासाठी असतो, पुढे काम चालू ठेवण्यासाठी नव्हे. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावल्यास तापण्याच्या क्षणी तो इतका प्रवाह ओढतो की यूपीएस बंद पडतो. यूपीएसमधील बॅटरी तीन-चार वर्षांत क्षीण होते, म्हणून ती बसवल्याची तारीख यूपीएसवरच लिहून ठेवण्याची पद्धत आहे. राउटर व स्विच यांना वीज फार थोडी लागते. त्यांच्यासाठी वेगळा छोटा यूपीएस ठेवल्यास वीज गेल्यावरही लॅपटॉपवर काही तास काम चालू शकते, मात्र सेवा पुरवठादाराकडील उपकरणे त्या वेळी चालू असावी लागतात.

पावसाळ्यात बंद ठेवलेले यंत्र चालू यंत्रापेक्षा लवकर बिघडते. दमट हवेने मेमरीच्या संपर्कपट्ट्यांवर गंज चढतो, मदरबोर्डवर बुरशी धरते, आणि उबेसाठी यूपीएसच्या पेटीत शिरलेल्या पाली व मुंग्या शॉर्टसर्किट घडवतात. वापरात नसलेली यंत्रेही आठवड्यातून दोनदा तासभर चालू ठेवावीत. कागद ओल शोषतो व प्रिंटरमध्ये अडकतो, म्हणून उघडलेले रिम बंद कपाटात ठेवावे लागते. देखभाल करारातील निम्म्या तक्रारी प्रिंटरच्या नसून ओल्या कागदाच्या असतात, असे म्हटले तर ती फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

जाळे

तांब्याच्या जाळे-तारेची कमाल लांबी १०० मीटर असते. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवणे आणि त्या क्रमांकांचा नकाशा कागदावर राउटरजवळ लावणे, एवढ्यानेही बिघाड शोधण्याचा वेळ कितीतरी कमी होतो. संगणकांना पत्ते आपोआप वाटले जावेत, पण प्रिंटर व सामायिक साठवण यांना कायमचा पत्ता राखून द्यावा. तसे न केल्यास वीज जाऊन आल्यावर प्रिंटरचा पत्ता बदलतो आणि प्रिंटर बिघडल्याचा समज होतो. एकाच तारेची दोन्ही टोके चुकून एका साध्या स्विचमध्ये लावली गेली की संपूर्ण जाळे ठप्प होते. झाडलोट करताना निसटलेली तार सद्‌हेतूने दिसेल त्या छिद्रात खोचली जाते आणि असे घडते.

इंटरनेट बंद असल्याची तक्रार आल्यास तपासणीचा क्रम जवळून दूर असा असतो: प्रथम आपल्याच राउटरशी संपर्क होतो का, मग बाहेरील एखाद्या अंकी पत्त्याशी, आणि शेवटी नावाने एखाद्या संकेतस्थळाशी. पहिली पायरी चुकली तर दोष कार्यालयातच असतो. दुसरी चुकली तर बहुधा बाहेरच्या वाहिनीत असतो, आणि केवळ तिसरी चुकली तर नाव-पत्ता सेवेत असतो. महामार्गाच्या रुंदीकरणासारख्या खोदकामात केबल तुटण्याचा धोका असल्याने पर्यायी मोबाइल जोडणी बाळगणे उपयुक्त असते. मात्र शासकीय जाळ्याला जोडलेल्या संगणकावरच मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू केल्यास संरक्षित जाळ्याला बाहेरून वाट मिळते. त्यासाठी वेगळे यंत्र ठेवावे. अभ्यागतांसाठीचे वाय-फायही कार्यालयीन जाळ्यापासून वेगळे असावे लागते.

खाती, पासवर्ड व बदली

महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन करणाऱ्या २००५ च्या अधिनियमानुसार सर्वसाधारण बदल्या एप्रिल किंवा मे महिन्यात होतात. जूनमध्ये प्रवेशासाठी उत्पन्नाचे, अधिवासाचे व नॉन-क्रीमीलेअरचे दाखले मागणाऱ्या विद्यार्थ्यांची रांग लागते. म्हणजे वळवाच्या विजा, कर्मचाऱ्यांची बदली आणि कामाचा सर्वाधिक ताण ही तिन्ही सहा-सात आठवड्यांत एकत्र येतात. या काळात प्रणालीचा पासवर्ड बदलून गेलेल्या कर्मचाऱ्यालाच ठाऊक असेल, किंवा पासवर्ड बदलण्याचा संकेत त्याच्या खासगी मोबाइलवर जात असेल, तर दाखला अडतो आणि प्रवेशाची मुदत मात्र कोणासाठी थांबत नाही.

यावरचा उपाय तांत्रिक कमी व दफ्तरी अधिक आहे. कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत कपाटाच्या किल्ल्या व जडवस्तू संग्रह नोंदवही यांची नोंद असते. तिच्यातच सर्व खाती, त्यांना जोडलेले भ्रमणध्वनी क्रमांक, राउटरचा पासवर्ड, सॉफ्टवेअरचे परवाने व बॅकअप डिस्क यांची नोंद असावी. पासवर्ड यादीत लिहिण्याऐवजी मोहोरबंद पाकिटात कार्यालयप्रमुखाकडे ठेवला जातो आणि हस्तांतरणाच्या दिवशीच बदलला जातो. गेलेल्या व्यक्तीचे खाते पुसण्याऐवजी निष्क्रिय करावे, अन्यथा त्यातील कागदपत्रेही नाहीशी होऊ शकतात. रोजच्या वापराच्या खात्याला प्रशासकाचे अधिकार देऊ नयेत. चुकून उघडलेली घातक आज्ञावली त्या खात्याचेच अधिकार घेऊन चालते.

डिजिटल स्वाक्षरीचे टोकन याला अपवाद आहे. ते व्यक्तीचे असते, पदाचे नसते. तलाठी, मंडळ अधिकारी किंवा नायब तहसीलदार यांनी ते पिनसह दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देणे होय. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नुसार डिजिटल स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता असून खासगी कळ सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी धारकावर असते.

ई-मेल

केंद्र शासनाने फेब्रुवारी २०१५ मध्ये अधिसूचित केलेल्या ई-मेल धोरणाने शासकीय कामासाठी शासनाची सेवा वापरणे अपेक्षित धरले. या धोरणात नावावरचे आणि पदनामावरचे असे दोन प्रकारचे पत्ते सांगितले होते. नागरिकांना पदनामाचा पत्ता द्यावा, कारण अधिकारी बदलला तरी पत्रव्यवहार खंडित होत नाही. व्यवहारात अनेक लहान कार्यालये आजही मोफत खासगी सेवेवरील खाते वापरतात. अशा खात्यावर किमान दुहेरी पडताळणी लावणे व पर्यायी संपर्क म्हणून कार्यालयाचाच क्रमांक देणे आवश्यक ठरते.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील ‘माहिती’च्या व्याख्येत ई-मेलचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे महत्त्वाचे ई-मेल आवक-जावक नोंदवहीत क्रमांकित करून त्या-त्या संचिकेत लावणे योग्य ठरते. कागदी दफ्तरातील अभिलेखांचे अ, ब, क, ड वर्गीकरण ई-मेललाही लावता येते. कायम जपण्याचा मजकूर केवळ मेलपेटीत ठेवल्यास पेटी भरल्यावर तो कोणीतरी जागा करण्यासाठी पुसतो. व्हॉट्सअॅप समूहावर आलेले आदेश तर फोनबरोबरच हरवतात.

अनेक सेवांवर जोडपत्राची मर्यादा सुमारे २५ मेगाबाइट असते. कृष्णधवल २०० डीपीआय स्कॅन वाचनासाठी पुरेसा असतो. रंगीत ६०० डीपीआयवर काढलेले वीस पानांचे पत्र ही मर्यादा सहज ओलांडते. अनेक नागरिकांना एकच पत्र पाठवताना पत्ते गुप्त प्रतीच्या रकान्यात लिहावेत, नाहीतर सर्वांचे पत्ते सर्वांना कळतात.

पतसंस्था किंवा शाळा स्वतःचे डोमेन घेते, तेव्हा तिच्या नावाने खोटे ई-मेल पाठवणे रोखण्यासाठी एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या तीन नोंदी डोमेनमध्ये घालाव्या लागतात. पहिली नोंद कोणता सर्व्हर पाठवू शकतो ते सांगते, दुसरीतील कळीने पत्रावरील स्वाक्षरी पडताळता येते, आणि तिसरी तपासणीत न उतरलेल्या पत्राचे काय करावे ते ठरवते. या नोंदी नसल्यास संस्थेचे खरे पत्रही अनेकदा स्पॅममध्ये जाते. डोमेनचे वार्षिक शुल्क भरण्याची तारीख हिशेबनिसाच्या दिनदर्शिकेत हवी. ते संपले की संकेतस्थळ व ई-मेल दोन्ही बंद पडतात.

मराठी मजकूर

मराठी कार्यालयांत एक वेगळी अडचण येते. युनिकोडचा वापर रुळण्यापूर्वी श्रीलिपी, कृतिदेव, एपीएस अशा फाँटमध्ये टंकलेला मजकूर तो फाँट नसलेल्या यंत्रावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. नव्या संगणकावर जुन्या संचिका हलवताना फाँटही जपावे लागतात. रूपांतरकाने मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, पण ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ व रफार यांत चुका राहतात, म्हणून व्यक्तींची व गावांची नावे डोळ्यांखालून घालणे अनिवार्य असते. लाभार्थ्याच्या नावातील एक चुकीचे अक्षर त्याला बँकेच्या व आधारच्या नोंदीशी न जुळणारा ठरवते. नवा मजकूर युनिकोडमध्ये, शक्यतो इनस्क्रिप्ट कळफलकाने टंकावा.

बॅकअप व हल्ले

माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर व त्यांपैकी एक इमारतीबाहेर, हा जगभर रूढ असलेला नियम कोकणात विशेष लागू पडतो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने त्याच जिल्ह्यातील चिपळूण शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. तळमजल्यावरील संगणक व त्याच खोलीतील बॅकअप डिस्क अशा पुरात एकाच वेळी बुडतात. लांज्यातील कार्यालयाने एक प्रत रत्नागिरीला किंवा शासनमान्य क्लाउड सेवेत ठेवणे त्यामुळे हितावह आहे. बॅकअपची डिस्क काम होताच काढून ठेवावी. कायम जोडलेली डिस्क खंडणीखोर आज्ञावली मूळ माहितीबरोबरच कुलूपबंद करते. दर तीन महिन्यांनी एखादी संचिका बॅकअपमधून प्रत्यक्ष उघडून पाहिल्याशिवाय बॅकअप आहे असे समजू नये.

१२ मे २०१७ रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने विंडोजमधील ज्या दोषाचा फायदा घेतला, त्यावरील दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाली होती. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणक प्रणालीवर अशाच प्रकारचा हल्ला होऊन राज्यभरातील कामकाज विस्कळीत झाले. विंडोज ७ चा पाठिंबा जानेवारी २०२० मध्ये व विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या जुन्या यंत्रांवर नवी आवृत्ती चालत नाही, ती इंटरनेटपासून तोडून केवळ टंकलेखनासाठी वापरता येतात किंवा त्यांवर लिनक्स घालता येते.

सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे, प्रणालीतील नोंदी १८० दिवस जपणे आणि घड्याळे प्रमाणित वेळेशी जुळवणे बंधनकारक आहे. बाधित यंत्राची जाळे-तार तत्काळ काढावी, पण डिस्क फॉरमॅट करू नये, अन्यथा पुरावा नष्ट होतो. आर्थिक फसवणुकीची तक्रार १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर नोंदवता येते.

निर्लेखन

जुने संगणक निर्लेखित करताना हार्ड डिस्क वेगळी काढून तिच्यावरील माहिती पूर्णपणे पुसावी किंवा ती भौतिकरीत्या नष्ट करावी. केवळ फॉरमॅट केलेल्या डिस्कवरील याद्या, आधार क्रमांक व बँक खाती परत वाचता येतात. उरलेले भाग १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे द्यावे लागतात आणि जडवस्तू संग्रह नोंदवहीत तशी नोंद करावी लागते.