जुन्नरची लेणी : यवन, शक, कासार आणि भिक्खुणी एकाच डोंगररांगेत

डिंभे धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेणू सागर असे नाव आहे. घोड नदीच्या या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले आणि तालुक्याच्या नावापुरते उरले. येथून घोडेगावमार्गे जुन्नरला गेले की कुकडी नदीचे खोरे लागते आणि चहूबाजूंच्या डोंगरांत कोरलेली बुद्धलेणी दिसू लागतात. सर्वधर्मीय संवाद, मनःशांती, आत्मिक उपचार हे शब्द हल्ली अनेक आश्रमांच्या आणि केंद्रांच्या पाट्यांवर वाचायला मिळतात. वेगवेगळ्या वंशांची, व्यवसायांची आणि श्रद्धांची माणसे एका ठिकाणी कशी येत होती, याचा दोन हजार वर्षांपूर्वीचा लेखी पुरावा मात्र आपल्या याच दोन तालुक्यांच्या परिसरात आहे. आपल्यापैकी अनेकांनी लेणी पाहिली आहेत, पण तिथले शिलालेख फार थोड्यांनी वाचले आहेत.

जुन्नर परिसरात तुळजा, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्री असे मुख्य समूह आहेत. सर्व मिळून पावणेदोनशेहून अधिक लेणी आहेत. एका गावाभोवती इतकी लेणी भारतात दुसरीकडे नाहीत. त्यांचे खोदकाम साधारणपणे इ. स. पूर्व पहिल्या शतकापासून इ. स. तिसऱ्या शतकापर्यंत चालले. इथे मूळची बुद्धमूर्ती नाही. स्तूप हेच वंदनेचे स्थान होते. 'मूर्ती नाही, मग ही बौद्ध लेणी कशावरून?' असे कुणी विचारले तर चैत्यगृहातला स्तूप दाखवावा. तुळजा समूहातले वर्तुळाकार चैत्यगृह तर मुद्दाम पाहावे. बारा अष्टकोनी खांबांच्या मधोमध स्तूप, अशी रचना लेण्यांत फार विरळा आढळते.

आता शिलालेखांकडे येऊ. पंडित भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी १८८१ मध्ये पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख एकत्र प्रसिद्ध केले, त्यांत जुन्नरचे लेख आहेत. धम्मलिपीतले हे लेख बहुतेक एक-दोन ओळींचे आहेत. दाता कोण, कुठला आणि त्याने काय दिले, एवढेच ते सांगतात. 'देयधम' म्हणजे धम्मदान आणि 'पोढि' म्हणजे पाण्याचे टाके, हे दोन शब्द ओळखता आले की अर्धे काम झाले.

तीन लेखांत दाते स्वतःला यवन म्हणवतात. इरिल याने दोन पोढी दिल्या. चिट याने संघासाठी भोजनमंडप दिला. चंद याने मानमोडीच्या भूतलिंग समूहातील चैत्यगृहाचा दर्शनी भाग करवून घेतला. आडुथुम नावाचा शक स्वतःला उपासक म्हणवतो. त्याने एका श्रेणीकडे ठेव ठेवली, तिच्यात करंज आणि वडाच्या झाडांशी जोडलेल्या जमिनीचा उल्लेख आहे. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने ४६ या वर्षी एक टाके आणि मंडप दिला. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत याचे दान आहे. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि टाके दिले. बांबूचे काम करणारे 'वसकार' आणि काशाचे काम करणारे 'कासाकार' यांच्या श्रेणींचीही नावे येतात. आजचे बुरूड आणि कासार डोळ्यांसमोर आणा. एका लेखात नगरातील धम्मोत्तरीय निकायाच्या भिक्खुणींच्या निवासाचा उल्लेख आहे. म्हणजे स्त्रियांचा संघ डोंगरात नव्हे, तर भर गावात राहत होता. माझ्या मते जुन्नरच्या सगळ्या लेखांत हा सर्वांत मोलाचा आहे, आणि सर्वांत कमी सांगितला जाणारा हाच आहे.

दान दिले म्हणजे प्रत्येकाने धम्म स्वीकारला, असे सिद्ध होत नाही. आडुथुम स्वतःला उपासक म्हणवतो, इतर तसे म्हणत नाहीत. पण संघाने दाता कोणत्या वंशाचा आहे हे पाहून दान नाकारले नाही, आणि दात्यानेही आपली ओळख लपवली नाही. टाक्यातले पाणी पिणाऱ्या वाटसरूला कुणी जात विचारली नसावी.

याच व्यापारी मार्गावर वर नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. त्याच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपालांना वंदन आहे. पुढे श्रौत यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची लांबलचक यादी येते. राजघराणे यज्ञ करत होते आणि त्याच वाटेवरचे व्यापारी, कारागीर भिक्खूंसाठी लेणी कोरवत होते. दोन्ही एका प्रदेशात नांदले. मात्र राणीची दक्षिणा आणि बुरुडांच्या श्रेणीची ठेव एकाच तागडीत तोलू नये.

पुढचा इतिहास इतका सोपा नाही. मानमोडीच्या अंबा-अंबिका समूहात नंतर जैन प्रतिमा कोरल्या गेल्या आणि नावही त्यांवरूनच पडले. तुळजा लेण्यांना देवीचे नाव मिळाले. लेण्याद्रीचे सातवे लेणे हा वीस खोल्यांचा विहार, तिथे आज अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज आहे. भाविक तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून येतात आणि बहुतेक जण शेजारचे चैत्यगृह न पाहताच उतरतात. हे पाहून आपल्या तरुणांना वाईट वाटते, रागही येतो. तो राग खोटा नाही.

पण कृती करण्याआधी कायदा माहीत हवा. ही लेणी केंद्र संरक्षित स्मारके आहेत. १९९१ चा प्रार्थनास्थळ कायदा १९५८ च्या पुरातत्त्व कायद्याखालील प्राचीन स्मारकांना लागू नाही. १९५८ च्या कायद्याचे कलम १६ सांगते की, केंद्राच्या देखभालीतील जे स्मारक पूजास्थान आहे, त्याचा वापर त्याच्या स्वरूपाशी विसंगत कामासाठी करता येणार नाही. कलम ३० नुसार स्मारकाची नासधूस किंवा विद्रूपीकरण केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. रंग देणारा आपला असो वा परका, त्याला हीच शिक्षा. म्हणून लेखी निवेदन, माहिती अधिकाराचा अर्ज, मूळ ओळख सांगणाऱ्या फलकाची मागणी आणि पायथ्याशी उभे राहून भाविकांना शांतपणे माहिती देणे, हे मार्ग मला अधिक टिकाऊ वाटतात. गणपतीला आलेल्या आजींना 'हे वीस खोल्यांत भिक्खू राहायचे' असे सांगितले की त्या बहुधा थांबून ऐकतात. भांडणाच्या सुरात सांगितले की पुढे निघून जातात.

सम्राट अशोकाच्या बाराव्या शिलालेखात हाच विचार आहे. आपल्या पंथाची स्तुती करताना दुसऱ्याची निंदा करणारा आपल्याच पंथाची हानी करतो, दुसऱ्याचेही ऐकून घ्यावे, असा त्याचा आशय आहे. त्यात सत्य दडवायला सांगितलेले नाही, हेही लक्षात ठेवावे.

लेण्याद्रीला पुरातत्त्व खात्याचे तिकीट काढावे लागते. मानमोडीला मधमाश्यांची मोठी पोळी असतात, तिथे अगरबत्ती, मेणबत्ती, धूर आणि अत्तर टाळावे. वंदना मोठ्या आवाजात घेऊ नये. भूतलिंगच्या चैत्यकमानीत गजलक्ष्मी कोरलेली आहे आणि तिथेच चंद यवनाचा लेख आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरे जास्त स्पष्ट दिसतात.