उपटणे फुकट, वाचवणे महाग: नंदुरबारमधील दंतोपचाराच्या खर्चाचा इतिहास

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधी अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, शहादा, नवापूर आणि नंदुरबार हे तालुके धुळ्यात होते आणि त्याहीआधी पश्चिम खानदेशात. दाढ ठणकू लागली तर कोणाकडे जायचे आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे, या प्रश्नाची उत्तरे या मुलखात काळानुसार बदलत गेली. एक गोष्ट मात्र फारशी बदलली नाही: दात काढून टाकण्याची सोय सरकारी खर्चाने झाली, तो वाचवण्याचा भार रुग्णाच्याच खिशावर राहिला.

दवाखाने येण्यापूर्वी उपचार घरचा होता. लिंबाची किंवा बाभळीची काडी, लवंग, हळद-मीठ यांवर भागले नाही की रिंगणीच्या बियांची धुरी घेतली जाई. निखाऱ्यावर तुपात माखलेल्या बिया टाकायच्या आणि नळीने धूर तोंडात घ्यायचा. मग खाली ठेवलेल्या भांड्यातल्या पाण्यात पांढरे कण पडले की दातातले किडे बाहेर आले, असे समजायचे. ते कण बहुधा बियांचेच असत. ठणका मात्र काही काळ कमी होई. सातपुड्यातल्या पाड्यांवर भगताला नारळ किंवा कोंबडी दिली जाई. आठवडी बाजारात जडीबुटी मांडून बसणाऱ्या वैदूला चार आणे-आठ आणे मिळत. मोबदला असा जमेल तसा दिला जाई.

ब्रिटिश अमदानीत तालुक्याच्या गावी सरकारी दवाखाने आले. तिथला डॉक्टर दातांचा नव्हता. त्याच्याजवळ चिमटा होता आणि दाढ हलू लागली असेल तर तो ती काढून देई. सुरत आणि खानदेश जोडणारी ताप्ती व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास पूर्ण झाली, आणि पैसेवाल्यांना सुरत-मुंबईची वाट मोकळी झाली. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले. खानदेशातल्या शेतकऱ्याला त्याचा उपयोग नावापुरताच होता.

दाताच्या आतली मेलेली नस काढून पोकळी साफ करायची आणि ती बंद करायची, म्हणजेच रूट कॅनल, ही कल्पना तोवर जुनी झाली होती. १८३८ मध्ये अमेरिकेतल्या एडवर्ड मेनार्ड यांनी घड्याळाच्या स्प्रिंगपासून नस काढण्याची बारीक सुई केली. १८६७ च्या सुमारास पोकळी भरायला गुट्टापर्चा हा झाडाच्या चिकापासून होणारा पदार्थ वापरात आला. १८९५ मधल्या क्ष-किरणांनी मूळ दिसू लागले आणि १९०५ नंतर नोव्होकेनच्या इंजेक्शनाने दुखणे आटोक्यात आले. पण या साऱ्याला लागतो एक्स-रे, पोकळी घासायच्या फाइल्स, निर्जंतुकीकरण आणि वेळ. दाढ काढायला काही मिनिटे पुरतात; रूट कॅनलला दोन-तीन खेपा होतात, आणि नंतर दाढेवर कॅप बसवावी लागते. खर्चाचे गणित तिथेच बिघडते.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा दंतवैद्य कायदा आला. पदवी नसलेल्या पण वर्षानुवर्षे दाताचा धंदा करणाऱ्यांचीही त्याने एका वेगळ्या भागात नोंद केली. पुढच्या काळात बाजारपेठेच्या गावांत 'दातवाला' टिकून राहिला त्याचे एक कारण हेच: नोंद असो वा नसो, तो स्वस्त होता. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि ग्रामीण आरोग्याचा मोठा भार त्यांच्यावर आला. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आराखड्यात दंतशल्यचिकित्सकाला जागा नव्हती. दातांचा डॉक्टर भेटायचा तो ग्रामीण रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात किंवा सिव्हिलला, आणि तिथेही पद भरलेले असेल तर. सरकारी दंत महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि औरंगाबादेत होती. खानदेशाच्या वाट्याला धुळ्यातले खाजगी दंत महाविद्यालय आले. अशा महाविद्यालयात विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात, म्हणून दर कमी असतात. खेपा मात्र जास्त होतात.

जिल्हा वेगळा झाल्यावर नंदुरबारला जिल्हा रुग्णालय मिळाले, आणि २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. याच काळात नंदुरबार, शहादा, नवापूर येथे खाजगी दंतवैद्यांचे दवाखाने वाढले. रूट कॅनल इथे रोजचे काम झाले ते या खाजगी दवाखान्यांमुळे. त्यांचे दर ठरवून देणारा कायदा नाही. नस काढण्याचे वेगळे, कॅपचे वेगळे, आणि कॅपमध्येही धातूची, सिरॅमिकची, झिर्कोनियाची अशी चढती भाजणी. एकूण बिल काही हजारांवर जाते. पुष्कळ रुग्ण ठणका थांबताच कॅपचे पैसे वाचवतात आणि काही महिन्यांनी तीच दाढ चिरून परत येते. मिरची आणि कापूस विकला गेला की बिल फिटणे सोपे जाते; ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या मजुराची उचल आधीच घरखर्चात गेलेली असते. २०११ च्या जनगणनेनुसार ज्या जिल्ह्यात ६९ टक्क्यांहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत, तिथे हा मजूर अपवाद नव्हे.

विम्याच्या योजनांनी हा प्रश्न सोडवला असता, असे वाटू शकते. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात शेजारचे धुळे होते, नंदुरबार नव्हते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली, २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालू लागली. पण तिचा रोख रुग्णालयात दाखल होऊन करायच्या मोठ्या उपचारांवर होता. २०१८ च्या आयुष्मान भारत यादीतही जबड्याचे फ्रॅक्चर आले, अडकलेली दाढ काढणेही आले. रूट कॅनल आले नाही. खाजगी आरोग्य विमाही अपघात सोडला तर दातांना सहसा हात लावत नाही. सीजीएचएस या १९५४ च्या योजनेत केंद्रीय कर्मचाऱ्यांना रूट कॅनलचा ठरलेला दर मिळतो, म्हणजे पगार आणि संरक्षण एकाच घरी. यात धोरणाचा सूर उघड आहे: दात वाचवणे ही चैन धरली गेली.

शाळकरी मुलांसाठी २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दंतक्षयाची तपासणी आली आणि आश्रमशाळांतली मुले तिच्या कक्षेत आली. किडलेली दाढ लवकर सापडली तर साध्या भरावावर भागते, रूट कॅनलची वेळ येत नाही. पैशाच्या दृष्टीने हाच सगळ्यात शहाणा टप्पा. २०१४-१५ पासून राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयांतल्या दंत विभागांना मदत दिली. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळी सेवा निःशुल्क झाली.

निःशुल्क सेवेलाही खर्च असतो. धडगावकडचा रोजंदार चांदसैली घाट उतरून येतो तेव्हा तो दिवस बुडतो. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. तीन खेपांचे ८९१ रुपये बुडाले, वर एसटीचे भाडे; १७ मार्च २०२३ पासून ते बायकांना अर्धे लागते, पुरुषांना पूर्ण.