बोलून दाखव ना

‘आइशितेइरु तो इत्तेकुरे’ या जपानी मालिकेच्या नावाचा अर्थ साधारण ‘प्रेम आहे असं म्हण ना’ असा होतो. गंमत म्हणजे ज्याने हे म्हणायचं, तो नायक बोलतच नाही. साकाकी कोजी हा चित्रकार सातव्या वर्षी बहिरा झालेला, आवाज वापरणं सोडून दिलेला. हिरोको ही नटी होऊ पाहणारी, ऐकू येणारी मुलगी. ती त्याच्यासाठी खुणांची भाषा शिकते. टीबीएस वाहिनीवर ७ जुलै १९९५ पासून दर शुक्रवारी रात्री दहाला हे सुरू झालं आणि बारा भागांत संपलं. लेखिका कितागावा एरिको. शीर्षकगीताच्या वीस लाखांवर प्रती खपल्या.

मी ती पाहिली ती इंग्रजी सबटायटल्सवर, लॅपटॉपवर, लागोपाठ दोन रात्री. एका प्रसंगात कोजी इतक्या वर्षांनी स्वतःच्या आवाजात तिला नावाने हाक मारतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग दोन दिवसांनी प्रश्न पडला की मी रडलो नेमका कशासाठी? बहिरा माणूस एकदाचा बोलला म्हणून? जपानमध्ये बहिऱ्या मुलांनी ‘बोलून दाखवावं’ या हट्टापायी काय काय झालं, हे त्यानंतर वाचलं. तेव्हापासून तो प्रसंग मला तसा बघता येत नाही.

जपानमधली बहिऱ्यांची पहिली शाळा १८७८ची, क्योतोतली. फुरुकावा ताशिरो या शिक्षकाने ती हातांच्या खुणांवर उभी केली होती. दोनच वर्षांनी इटलीतल्या मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि तिने ठराव केला की शिकवायचं ते तोंडी बोलूनच. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते, हे वेगळं सांगायला नको. या मताचा अमेरिकेतला मोठा पुरस्कर्ता म्हणजे ग्रॅहम बेल. हो, टेलिफोनवालाच. त्याची आई आणि बायको दोघीही बहिऱ्या होत्या. इसावा शूजी नावाचा जपानी विद्यार्थी त्याच्याकडे इंग्रजी उच्चार सुधारायला जायचा. बेलच्या नव्या यंत्रावर तो जपानीत बोलला होता. पुढे हाच इसावा तोक्योतल्या अंध-बधिर शाळेचा मुख्याध्यापक झाला. आम्ही इंजिनिअर ज्या शोधाचे गोडवे गातो, त्याने बहिऱ्यांना शंभर वर्षं घरातल्या गप्पांबाहेर ठेवलं. म्हणून त्या मालिकेत फॅक्सच्या यंत्राला इतकं महत्त्व आहे. रात्री कागद सरकत बाहेर येतो, त्यावर त्याचं अक्षर असतं. आज पाहताना हसू येतं, पण बहिऱ्या माणसाला दूरवरच्या माणसाशी त्याच घटकेला बोलता येण्याची ती सोय होती.

तोंडी पद्धत जपानभर पसरली ती १९२०च्या दशकात. १९३३ साली शिक्षणमंत्री हातोयामा इचिरो यांनी मुख्याध्यापकांच्या बैठकीत तिचाच आग्रह धरला. ओसाकाच्या शाळेचे ताकाहाशी कियोशी मात्र अडून बसले. प्रत्येक मुलाला झेपेल तसं शिकवा आणि खुणा काढून घेऊ नका, हे त्यांचं म्हणणं. ते जवळजवळ एकटे पडले. इतर शाळांतून वर्गात हात हलवायला बंदी आली. मुलं मग शिक्षकांची पाठ फिरली की, वसतिगृहात, एकमेकांकडून खुणा शिकत राहिली. भाषा टिकली ती अशी, चोरून. कायदाही काही सोबतीला नव्हता. १९७९पर्यंत जपानच्या नागरी कायद्यात बहिरा माणूस ‘अर्धवट सक्षम’ ठरवता येत असे. तसं ठरलं की कर्ज काढायचं तरी दुसऱ्या कुणाची संमती लागायची.

आणि आता १९९५कडे परत. मालिका सुरू होण्याच्या चारच महिने आधी, मार्चमध्ये, ‘गेन्दाई शिसो’ या वैचारिक मासिकात किमुरा हारुमी आणि इचिदा यासुहिरो यांनी ‘बधिर संस्कृतीचा जाहीरनामा’ छापला. किमुरा स्वतः बहिऱ्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की बहिरे म्हणजे काहीतरी कमी असलेली माणसं नव्हेत. जपानी भाषेपेक्षा वेगळी अशी जपानी खूणभाषा बोलणारे ते भाषिक अल्पसंख्याक आहेत. या भाषेत भुवया उंचावल्या की प्रश्न होतो, तिचं व्याकरण स्वतःचं आहे. एकाच वर्षी एकीकडे हा जाहीरनामा आणि दुसरीकडे लाखो घरांत कोजीची हाक.

मालिकेला मी सरळ दोषी ठरवणार नाही. तिच्यामुळे कितीतरी लोक खुणा शिकायला गेले. पण कोजी जन्मतः बहिरा नाही, हे विसरता कामा नये. जपानी ही त्याची पहिली भाषा आहे, म्हणून ऐकणाऱ्या प्रेक्षकाला तो ‘आपल्यातलाच, दुर्दैवी’ वाटतो. २०२२च्या ‘सायलेंट’चा नायकही पुढे ऐकणं गमावलेलाच निघाला. दोन्ही भूमिका ऐकू येणाऱ्या नटांनी केल्या.

माझ्या टीममधल्या एका सहकाऱ्याला ऐकू येत नाही. मीटिंगमध्ये आम्ही कॅमेरे बंद ठेवून बोलायचो आणि वर ‘काही शंका?’ असं विचारायचो. त्याने एकदा चॅटवर लिहिलं, ‘तुमचे चेहरे दाखवाल का?’ त्याला आमच्याकडून तेवढंच हवं होतं. मी मात्र त्याला स्पीच थेरपीबद्दल विचारून बसलो होतो.

जपानी खूणभाषेत ‘प्रेम’ म्हणजे एका हाताची पाठ दुसऱ्या हाताने हळूच गोल कुरवाळणं. कोजीने ते आधीच केलेलं असतं.