दार कोणासाठी बंद झालं? १८४४ ची महानिराशा आणि दयेचा प्रश्न

आजचा विषय ख्रिस्ती परंपरेतल्या जगाच्या अंताच्या भविष्यवाण्या असा जाहीर झाला आहे. विषय अवाढव्य आहे, दोन हजार वर्षं एका संध्याकाळी मावायची नाहीत. म्हणून आपण त्यातला एकच दिवस घेऊ: मंगळवार, २२ ऑक्टोबर १८४४. त्या दिवशी अमेरिकेच्या ईशान्य भागात हजारो माणसं येशू ख्रिस्त आकाशातून परत येण्याची वाट बघत बसली होती. तो आला नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आपल्याला बघायचंय ते त्याच्या पुढचं. देवाचा कोप अमुक तारखेला येणार असं ज्यांनी सांगितलं, त्यांच्यावर कोप न येण्याची पाळी आली तेव्हा त्यांनी देवाच्या दयेचं काय केलं?

आधी थोडी पार्श्वभूमी. बायबलचं शेवटचं पुस्तक म्हणजे प्रकटीकरण. त्यात सात शिक्के आहेत, सात कर्णे आहेत, देवाच्या कोपाने भरलेल्या सात वाट्या पृथ्वीवर ओतल्या जातात, अग्नीचं सरोवर आहे. आणि त्याच पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात एक झाड आहे, ज्याची पानं राष्ट्रांना बरं करण्यासाठी आहेत, आणि तहानलेल्या कुणालाही फुकट पाणी आहे. दोन्ही एकाच पुस्तकात, काही पानांच्या अंतरावर. वाचणाऱ्याने कुठे बोट ठेवायचं हा प्रश्न पहिल्या शतकापासून चालू आहे. एक गोष्ट मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. या भविष्यग्रंथांत आकडे येतात, १२६० दिवस, २३०० दिवस, ते बहुतेक संकटाचे आणि न्यायाचे. दया किती दिवस चालेल याचा आकडा कुठेच नाही. त्यामुळे जो हिशेब मांडायला बसतो त्याच्या हाती कोपाची तारीख लागते.

असा हिशेब मांडायला बसलेला माणूस म्हणजे विल्यम मिलर. जन्म १७८२, न्यूयॉर्क राज्यातल्या लो हॅम्पटन गावचा शेतकरी. गावचा छोटा न्यायाधीशही होता. तरुणपणी तो व्हॉल्टेर, ह्यूम, टॉमस पेन वाचणारा होता. देव आहे, पण त्याने घड्याळाला किल्ली दिली आणि तो बाजूला झाला, अशा मताचा. मग १८१२ चं इंग्रजांशी युद्ध झालं, मिलर त्यात कॅप्टन होता. सप्टेंबर १८१४ मध्ये प्लॅट्सबर्गला आपल्यापेक्षा बरीच मोठी इंग्रज फौज मागे फिरताना त्याने पाहिली, आणि घड्याळवाला देव बाजूला झाला आहे का, अशी शंका त्याला यायला लागली. १८१६ मध्ये तो पुन्हा श्रद्धेकडे वळला. जुन्या मित्रांनी टोमणे मारले, की बायबलमधल्या विसंगतींचं काय? हा म्हणाला, वेळ द्या. आणि दोन वर्षं एक बायबल आणि एक शब्दसूची एवढंच घेऊन, ओळीमागून ओळ वाचत बसला.

दानीएलच्या पुस्तकात आठव्या अध्यायात २३०० दिवसांनी पवित्रस्थान शुद्ध होईल असं वचन आहे. भविष्यातला दिवस म्हणजे एक वर्ष, ही रीत मिलरची नव्हे. ती त्याच्या आधीपासून चालत आलेली. सुरुवात धरली इसवी सनापूर्वी ४५७ पासून, म्हणजे इराणच्या अर्तहशश्त राजाने यरुशलेमविषयी हुकूम दिला तेव्हापासून. २३०० वजा ४५७, राहिले १८४३. पवित्रस्थान म्हणजे ही पृथ्वी आणि शुद्धी म्हणजे अग्नी, असं त्याने ठरवलं. १८१८ सालीच हे उत्तर त्याच्या हातात होतं. जगाला २५ वर्षं उरली होती.

आणि इथे मिलर आपल्याला आवडायला लागतो, कारण तो पुढची तेरा वर्षं व्यासपीठावर चढलाच नाही. शेजाऱ्यांशी बोलला, पत्रं लिहिली, पण प्रवचन नाही. यहेज्केलच्या पुस्तकातला पहारेकरी त्याला छळत होता. तलवार येताना दिसली आणि पहारेकऱ्याने कर्णा वाजवला नाही, तर मेलेल्यांचं रक्त पहारेकऱ्याच्या माथी. शेवटी ऑगस्ट १८३१ मध्ये एका शनिवारी त्याने देवाशी सौदा केला, की कुणी बोलवायला आलं तर जाईन. कोण बोलावतंय! अर्ध्या तासात त्याचा भाचा सोळा मैलांवरच्या ड्रेस्डेनहून प्रवचनाचं आमंत्रण घेऊन दारात हजर. मिलर स्वतःवरच चिडून घराजवळच्या मेपलच्या राईत गेला, तिथे बराच वेळ झगडला, आणि मग गेला. ज्यांनी योना वाचलाय त्यांना हे ओळखीचं वाटेल. योनाकडे आपण परत येऊ.

पुढची चळवळ कशी वाढली ते भराभर सांगतो. १८३९ मध्ये बोस्टनचा जोशुआ हाइम्स त्याला भेटला. हाइम्स गुलामगिरीच्या विरोधात उभा राहिलेला, छापखान्याची ताकद ओळखणारा माणूस. त्याने वर्षभरात वर्तमानपत्र काढलं, पुढे हजारो माणसं मावतील असा प्रचंड तंबू शिवून घेतला, दानीएलच्या पुतळ्याचे आणि श्वापदांचे तक्ते छापले. अनुयायी ५० हजार ते एक लाख असावेत असा अंदाज सांगतात. हे सगळे भोळे आणि अडाणी होते असं समजू नका. १८३७ च्या मंदीत बँका बुडालेल्या लोकांनी पाहिल्या होत्या, गुलामांच्या बाजारावर पोसलेला आपला देश देवाला कसा रुचेल असं विचारणारे त्यांच्यात होते. अशा माणसाला देवाचा कोप ही भीती नसते, ती दाद मागण्याची जागा असते. कोपाच्या भविष्यवाणीकडे आपण वरून बघतो तेव्हा हे सुटून जातं.

मिलरने नेमका दिवस कधी दिला नव्हता. मार्च १८४३ ते मार्च १८४४ एवढंच म्हणाला होता. मुदत टळली. मग ऑगस्टमध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एक्झिटरच्या मेळाव्यात सॅम्युअल स्नो उभा राहिला. इसवी सनात शून्य वर्ष नाही, म्हणजे बेरीज एकाने चुकली, १८४४ हवं. शुद्धीचा दिवस म्हणजे यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस, सातव्या महिन्याचा दहावा. तो प्रचलित यहुदी पंचांगाने त्या वर्षी सप्टेंबरात येत होता, पण कराइट पंथाच्या जुन्या रीतीने महिनाभर पुढे, २२ ऑक्टोबरला. यहुदी पंचांगातही आपल्यासारखा अधिक महिना असतो. तो कधी धरायचा, हे कराइट लोक जवाचं पीक कधी तयार होतं त्यावरून ठरवत. अधिक मासाने सण कसा सरकतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी मात्र आपला सगळा संसार या पंचांगभेदावर ठेवला.

त्या दोन महिन्यांत लोकांनी काय केलं? जुनी कर्जं फेडली. चोरीची कबुली दिली. भांडलेल्या भावांनी समेट केला. दुकानं बंद केली, काहींनी शेतातले बटाटे काढलेच नाहीत. काढणं म्हणजे अविश्वास! पांढरे झगे घालून टेकड्यांवर चढले, ही गोष्ट तुम्ही कुठेतरी वाचली असेल. ती वर्तमानपत्रांची चेष्टा होती, तिला पुरावा सापडलेला नाही. चार्ल्स फिच हा त्यांचा लाडका उपदेशक बफेलोजवळ थंड पाण्यात लोकांना बाप्तिस्मा देत राहिला, तापाने पडला आणि १४ ऑक्टोबरला गेला. त्याच्या बायकोमुलांना वाटलं, आठच दिवसांचा प्रश्न आहे.

२३ तारखेची सकाळ उजाडली. हायरम एडसन नावाच्या शेतकऱ्याने नंतर लिहून ठेवलंय, की आम्ही पहाट होईपर्यंत रडत होतो. आणि बाहेर शेजारी उभे होते. अजून इथेच का, गेला नाहीत का वर, असं विचारणारे.

आता आपल्या प्रश्नाकडे. दहा कुमारींच्या दाखल्यात वर येतो, तयार असलेल्या पाच जणी आत जातात आणि दार बंद होतं. नोहाच्या गोष्टीत तारवाचं दार खुद्द देव लावतो, आणि पाऊस त्यानंतर लगेच येत नाही, सात दिवस जातात. निराश मिलरपंथीयांनी या दोन गोष्टी जोडल्या. तारीख बरोबर होती, मग घडलं काय? दार बंद झालं. दयेची मुदत २२ ऑक्टोबरला संपली, आता फक्त पाऊस पडायचा बाकी. ज्यांनी हाक नाकारली त्यांच्यासाठी प्रार्थना करण्यातही आता अर्थ नाही. इतिहासात याला बंद दाराचा सिद्धांत म्हणतात. नोव्हेंबरमध्ये खुद्द मिलरनेही असंच लिहिलं, की पाप्यांना सावध करण्याचं आपलं काम झालं.

आमच्या मते या सगळ्या प्रकरणातली खरी शोकांतिका २२ तारखेला नाही, ती इथे आहे. ज्या माणसाने शेजाऱ्यांचं रक्त माथी येईल म्हणून तेरा वर्षं झोप घालवली, त्याला काही आठवडे का होईना, शेजारी सुटले नाहीत यावर विश्वास ठेवणं सोपं गेलं. का? कारण तेच शेजारी दारात उभे राहून हसत होते. तारीख चुकली म्हणावं तर आपण मूर्ख ठरतो. तारीख खरी म्हणावी तर दया संपवावी लागते.

योनाची गोष्ट इथे ठेवून बघा. चाळीस दिवसांत निनवे उलथून पडेल, एवढंच तो ओरडत गेला. गाव गोणपाट नेसलं, देवाने बेत बदलला, आणि भविष्यवाणी खोटी ठरली. योना भयंकर संतापला, मरण मागू लागला. त्याचं म्हणणं असं, की तू दयाळू आहेस हे मला माहीतच होतं, म्हणूनच मी आधी पळालो! बायबलच्या रचनेतच हे आहे, की संदेष्टा जितका यशस्वी तितका त्याचा शब्द खोटा पडण्याचा धोका. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात तर उशिराचा अर्थच सांगितलाय, की प्रभू उशीर करत नाही, कुणाचा नाश होऊ नये म्हणून थांबलाय. ही वाट मिलरपंथीयांना मोकळी होती. पण उशीर म्हणजे दया असं म्हणायचं, तर दया करायची कोणावर? हसणाऱ्यांवर.

मिलर त्या वाटेने परतला. एप्रिल १८४५ मध्ये ऑल्बनीला परिषद भरली, तिथे बहुसंख्यांनी बंद दार नाकारलं आणि मिलर त्यांच्याबरोबर राहिला. हिशेब चुकला हे त्याने छापून कबूल केलं. गावच्या बॅप्टिस्ट मंडळीने त्याला काढून टाकलं होतं, दृष्टी जात होती. १८४९ च्या डिसेंबरात तो वारला, वाट बघणं मात्र सोडलं नाही.

एक लहान गट तारीख धरून राहिला. एडसन त्यात होता, मेन राज्यातली सतरा वर्षांची एलन हार्मन त्यात होती. तिला दृष्टान्त होत, पुढे ती एलन व्हाइट म्हणून प्रसिद्ध झाली. त्यांनी म्हटलं, तारीख बरोबर, जागा चुकली. पवित्रस्थान पृथ्वी नव्हे, ते स्वर्गात आहे. सुरुवातीची काही वर्षं हे लोकही बंद दार मानत. मग ते उघडलं कसं? चर्चा झाली, प्रकटीकरणातलं उघड्या दाराचं वचन पुढे आलं, एलनचे दृष्टान्त झाले. पण आम्हाला वाटतं, त्याआधी अडचण घरातच उभी राहिली होती. १८४४ मध्ये पाळण्यात असलेल्या पोरांचं काय? त्यांनी कुठे हाक नाकारली होती? बरं, ती आत आली. मग ज्यांनी मिलरचं नावही ऐकलं नव्हतं त्यांनी तरी कुठे नाकारली होती? पुढे असे अनोळखी लोक एकेक करून येऊ लागले, आणि बंद दारातून माणसं आत येताना दिसल्यावर दाराचा अर्थ बदलावा लागला. साधारण १८५१–५२ पर्यंत तो बदलला. आपल्या पुण्यात औंध रस्त्यावर जी स्पायसर संस्था आहे, शनिवारी जिथे शब्बाथ पाळतात, ती या गटातून वाढलेल्या सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट मंडळीची. आज जगभरात त्यांची संख्या दोन कोटींहून जास्त आहे. दार बंदच राहिलं असतं तर यातलं कुणी आत नसतं.

प्रश्नांकडे वळण्याआधी एका मुलाबद्दल सांगतो. यूराया स्मिथ, १८४४ मध्ये बारा वर्षांचा. आईबरोबर त्यानेही वाट बघितली होती. निराशेनंतर त्याने हा नाद सोडला आणि शिकायला गेला. गाव तेच, एक्झिटर, जिथे स्नोने तारीख सांगितली होती. शिक्षक व्हायचं त्याच्या मनात होतं. डिसेंबर १८५२ मध्ये तो परत आला, आणि कुणी त्याला दार दाखवलं नाही. काही वर्षांत तो त्यांच्या साप्ताहिकाचा संपादक झाला, आणि मे १८६३ मध्ये मिशिगनमधल्या बॅटल क्रीकला साडेतीन हजार सभासदांची ही मंडळी रीतसर स्थापन झाली तेव्हा तिचा पहिला चिटणीस तोच होता.

हं, आता प्रश्न घेऊ.