नांगराच्या तळाखाली

कॅरीत घर घेतलेल्या मंडळींना इथल्या तांबड्या चिकण मातीची ओळख टोमॅटो लावताना होते. वीतभर खणले की कुदळ थबकते. या मातीने मला आपल्याकडच्या एका नांगराचा इतिहास चाळायला लावले.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते, ही तेव्हाची समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. पुढे 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि नांगर गावोगाव पोहोचला.

त्या समजुतीला आज आपण हसतो. पण शेतकरी अगदीच अडाणी नव्हता. भारी काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, वरची माती भेगांत पडते, पावसात ती फुगते. जणू जमीन स्वतःला नांगरते. म्हणून तिथे दरसाल नांगरट न करता कुळवाच्या पाळ्यांवर भागत असे. खरी अडचण हरळी-कुंद्याच्या खोल मुळांची होती आणि तिथे लोखंडी नांगर उपयोगी पडला.

गोम पुढेच आहे. फाळ दरवर्षी एकाच खोलीवर चालला की त्याखाली घट्ट थर बसतो. त्यात ट्रॅक्टर आले. वरच्या मातीवरचा दाब टायरमधल्या हवेवर ठरतो, खोलवरचा मात्र आसावरच्या एकूण भारावर. त्यामुळे नुसते टायर रुंद करून खालचा थर वाचत नाही. खोल नांगरटीने तो फोडता येतो. पण ओल्या मातीत फाळ घातला तर ती फुटण्याऐवजी लिंपली जाते. शिवाय जड यंत्रे पुन्हा फिरली की थर परत बसतो.

योगायोग असा, की त्याच 1903 साली आपल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या अँसन काउंटीतले ह्यू हॅमंड बेनेट चॅपल हिलची पदवी घेऊन सरकारी मृदा-सर्वेक्षणात दाखल झाले. नांगरलेल्या उतारांवरून वाहून जाणारी माती त्यांनी पाहिली आणि आयुष्यभर तिच्यासाठी झगडले. 1935 मध्ये मृद्‌संधारणाचे केंद्रीय खाते स्थापन झाले, त्याचे ते पहिले प्रमुख. एकीकडे नांगर रुजत होता, दुसरीकडे त्याची किंमत मोजली जात होती.

आपल्यापैकी अनेकांची शेती गावी भाऊबंद पाहतात आणि नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने होते. ट्रॅक्टर मिळेल त्या दिवशी उरकायचे, हा मोह मोठा. पुढच्या फोनवर पिकाबरोबर एवढे जरूर विचारा: वाफसा आल्यावरच ट्रॅक्टर घातला ना?